चौघींची चटणी

आमच्या ऑफिसात जेवणाचा एकच नियम आहे: आपला डबा आपण खायचा नाही. पवईतल्या या विमा ऑफिसात आम्ही चौघी एका टेबलावर जेवतो. डबा उघडायचा, झाकण स्वतःपुढे ठेवायचं आणि डबा शेजारणीकडे सरकवायचा. टेबलाला फेरी मारून तो परत येतो तेव्हा रिकामा असतो आणि झाकणात बाकी तिघींच्या घरचं जेवण असतं. प्रेमाताईंची मुलुंडची आमटी, श्रुतिकाचं कोलंबीचं सुकं, तेजलची घाईघाईत लाटलेली पोळी. माझ्या डब्यात भाकरी-भाजी आणि आईनं कुटलेली शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीवरून भांडणं होतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

या झकास चाललेल्या संसारात श्रुतिकानं तक्ता आणला. तिच्या मोबाइलवर कुठून तरी आला होता. कोणत्या रक्तगटाच्या माणसानं काय खावं आणि काय खाऊ नये, हे त्यात रंगीत खुणा करून दिलेलं होतं.

"ओ गट म्हणजे शिकारी लोक," ती सांगू लागली. "मी आणि तेजल ओ. आम्ही मटण-मासे खायचे, गहू बंद. शकू, तू आणि प्रेमाताई बी. बी गटाचे पूर्वज गुरं घेऊन फिरायचे. तुम्हाला दूधदुभतं चांगलं."

"माझे पूर्वज वाशीमला होते गं," मी म्हटलं. "दुसऱ्यांची गुरं राखायचे. दूध मालकाच्या घरी जायचं."

"तू प्रत्येक गोष्टीत फाटे फोडतेस. आणि शेंगदाणा दोन्ही गटांना बंद आहे हां."

मी हसण्यावारी नेलं. पण श्रुतिका एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नाही. तिला बरीच वर्षं ॲसिडिटीचा त्रास. पंधरवडाभर तक्त्याप्रमाणे खाल्लं आणि त्रास खरोखर कमी झाला. ती खोटं बोलत नव्हती. फक्त गहू-मैदा बंद म्हणून संध्याकाळचे समोसे आणि पावही बंद झाले होते, ते कोणी हिशेबात धरत नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुला पटवून घ्यायचंच नाहीये." प्रेमाताईंना गुडघे दुखत होते, तेजलला लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. दोघी तिच्या बाजूला गेल्या. आणि प्रत्येकीचं पथ्य वेगळं झाल्यावर जिनं तिनं आपला डबा आपल्यापुढे ओढून घेतला. फेरी थांबली.

आता वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय? माझ्यासाठी ती एवढीशी नव्हती. आम्ही बौद्ध. आई तरुणपणी गावाकडे कापूस वेचायला जायची. दुपारी बाकीच्या बाया कडुलिंबाखाली गोल करून जेवायच्या आणि आई बांधापलीकडे एकटी. तिच्या चटणीचा वास सगळ्यांना माहीत होता, चव कोणालाच नव्हती. मी या ऑफिसात लागले तेव्हा प्रेमाताईंनी न विचारता माझ्या डब्यात बोट बुडवलं आणि "अजून आहे का?" म्हणाल्या. हे मी घाटकोपरला घरी जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चटणीची मोठी डबी आली. तेव्हापासून ती चौघींची चटणी कुटते. मी संध्याकाळी घरी गेले की आई दिवस कसा गेला हे नंतर विचारते, आधी डबी उघडून बघते.

त्यामुळे फेरी थांबली तसा माझा प्रश्न उभा राहिला. आईला सांगायचं काय? टाकून देणं शक्य नव्हतं. शेवटी मी एकटीनं चौघींची चटणी खायला सुरुवात केली. भाकरीशी, भाताशी, दुपारच्या चहानंतर कोरडी. आई विचारायची, "खाल्ली का वं त्याईनं?" मी म्हणायची, "संपली." डबी रिकामी दिसली की तिचा चेहरा उजळायचा आणि माझं पोट कुरकुरायचं.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी पोटात अशी कळ आली की मी टेबलावर डोकं टेकून बसले. श्रुतिका धावत ओवा आणि गरम पाणी घेऊन आली. माणूस प्रेमळ आहे, त्यात वाद नाही. पण तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

"बघ, सांगत होते ना? बी गटाला शेंगदाणा म्हणजे वाट लागली. आता तरी पटलं?"

माझं डोकंच फिरलं.

"रक्ताचा काय संबंध?" मी म्हटलं. "तुमच्या तिघींच्या वाटणीची मी एकटी खातेय, म्हणून दुखतंय."

"अगं, मग टाकून द्यायची ना, यार."

"आईनं केलेली टाकू?" आणि मग मी सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, बांध, डबी, सगळं. "तिच्या हातचं न खायला तेव्हा त्या बायांकडेही रक्ताचंच कारण होतं गं. आता परत तेच कारण तिला कसं सांगू मी?"

श्रुतिका उभी होती तशीच राहिली. तिच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर इतके दिवस राग गिळला होता, चटणीसकट. प्रेमाताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी लवकर घरी गेले.

त्या दिवशी डबी अर्धी भरलेली होती. आईनं उघडली, बघितली.

"नाई खाल्ली का?"

पोटाचं सांगितलं तर एकटीच खात होते हेही सांगावं लागलं असतं.

"असू दे वं," ती म्हणाली. "आपण खाऊ." आणि चटणी वाटीत काढून डबी घासायला घेऊन गेली. मला रडू आलं. त्या "असू दे"ची तिला किती सवय आहे, हे तिच्या आवाजात ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ भात आणि ताक होतं. चटणी नव्हती. जेवायच्या सुट्टीत मी टेबलाशी आले तर श्रुतिका आधीच बसलेली. तिनं आपला डबा उघडला, झाकण पुढ्यात ठेवलं आणि डबा तेजलकडे सरकवला. मग माझा डबा ओढून घेतला, भात चमच्यानं बाजूला करून बघितला, पिशवीत हात घातला.

"चटणी कुठे आहे?"

"नाही दिली आज."

तिनं माझा फोन उचलला. मी "अगं, नको" म्हणेपर्यंत आईचा आवाज स्पीकरवर टेबलाच्या मधोमध होता.

"काकी, मी श्रुतिका, शकूच्या ऑफिसातली. आज चटणी पाठवली नाहीत तुम्ही. आता आम्ही भात काय नुसता खायचा?"

"तुमाले पायजे होती का?" आईनं हळूच विचारलं.

"म्हणजे काय, काकी? इथे आम्ही तिघी वाट बघतोय."

तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि तुझी ॲसिडिटी?"

"समोसे नाही ना खाणार परत," ती म्हणाली. म्हणजे तेही तिच्या लक्षात आलं होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. तेजलनं कोणालाच न विचारता प्रेमाताईंची पोळी उचलली.

संध्याकाळी दारातूनच मला भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला. आई खलबत्ता घेऊन बसली होती. आज तिनं माझ्या डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या श्रुतिकेले तिखट चालते का वं?"

"चालतं. तिचे पूर्वज शिकारी होते."

"तिनं सांगितलं?"

"हो."

"बरं," आई म्हणाली आणि चार मिरच्या वाढवल्या.