दिसतंय ते सांगा

एक्स-रेबाईंनी टॅरोचा पत्ता उचलला, खिडकीशी नेऊन उजेडाला धरला आणि डोळे बारीक करून त्याच्यातून पलीकडे पाहू लागल्या. वर्गात हशा पिकला.

"मावशी, आरपार नाही बघायचं हो," शिकवणारी मुलगी हसू दाबत म्हणाली. "चित्र अलीकडेच आहे."

बाई ओशाळल्या. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण ते हातांना कोण सांगणार? एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर, जाडजूड दाराआड त्यांनी अर्ध्या गावाच्या छात्या, गुडघे आणि मणके पाहिले होते. लोक त्यांना एक्स-रेबाईच म्हणत. टॅरोच्या, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगायच्या, या वर्गाला त्या आल्या त्या केवळ दुपार खायला उठते म्हणून. भविष्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शिंप्याच्या दुकानावरची ही खोली घराजवळ होती आणि जिना गुडघ्यांना झेपण्यासारखा होता, एवढंच.

पण पत्ते हातात आले आणि बाई थक्क झाल्या. काय ते रंग! जन्मभर माणूस पाहिला तो काळा-पांढरा आणि हाडांपुरता. इथे एक पोरगा कड्याच्या टोकाशी आभाळाकडे बघत निघालाय आणि कुत्रं त्याच्या पायात घुटमळतंय. एक म्हातारा बर्फात कंदील धरून उभा आहे. एक बाई सिंहाचा जबडा मिटवते आहे, तीही दुधाचं पातेलं झाकावं इतक्या बेताने. असे अठ्ठ्याहत्तर पत्ते. आपण साठीला आलो आणि हे कुणी दाखवलंच नाही, असं त्यांना वाटून गेलं.

वर्गाचा एकच नियम होता. पुस्तक मिटून ठेवायचं आणि पत्त्याकडे बघून दिसतंय ते सांगायचं. अर्थ नंतर. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पत्त्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सवयीने तोंडातून निघालं, "डॉक्टर सांगतील."

पुन्हा हशा. शेजारचे पेन्शनर गृहस्थ तर डोळे पुसायला लागले. ती मुलगी मात्र हसली नाही. "इथे डॉक्टर नाहीत मावशी. तुम्हीच आहात. सांगा."

एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. फोटो काढणाऱ्याने पेशंटला चकार शब्द बोलायचा नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला कायदा. बाईंनी मग फिल्म बघत तसाच तो पत्ता बघितला, आधी कडा आणि मग मध्य. "काळ्या झग्यातला माणूस आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "तीन पेले सांडलेत, त्यांच्याकडे बघतोय. पण मागे दोन उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. आणि तिकडे पूल आहे. पुलापलीकडे घर आहे. म्हणजे घरी जाता येतं. तो अजून वळलेला नाही, एवढंच."

पेन्शनर गृहस्थांनी चष्मा काढून हातात धरला. बाई स्वतःच भांबावून गेल्या. आपल्याला एवढं दिसतं, आणि ते मोठ्याने बोललं तरी चालतं! त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, पण गुडघ्यांसाठी नव्हे.

पुढच्या आठवड्याला घरचा अभ्यास मिळाला. घरातल्या एका माणसासाठी तीन पत्ते मांडून वाचायचे. बाईंना घरातलं माणूस म्हणजे धाकटी बहीण, समोरच्याच दारात राहणारी. आणि ती पंधरा दिवसांनी कायमची लेकीकडे चालली होती, समुद्रापार.

सात वर्षं एक गोष्ट त्यांनी धाकटीला सांगितली नव्हती. तिचा नवरा खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला आला, तो बाईंच्याच खोलीत. फिल्म धुऊन त्यांनी दिव्यावर लावली आणि उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला त्यांना ते दिसलं. मेहुण्यांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं होतं, "काय ताई, सापडलं का काही आत?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "डॉक्टर सांगतील." मेहुण्यांनी रिपोर्ट न्यायला अडीच महिने लावले. वर्षभरात ते गेले. आपण एक शब्द बोललो असतो तर, या विचाराने बाईंनी किती उशा उलटसुलट केल्या त्याला गणती नाही. आता बोलायचं तर पंधरा दिवसांत. नाहीतर आपल्याबरोबरच ते जाणार.

धाकटी दुपारी आली ती हात पुसतच. सामानाची खोकी अर्धी बांधून झाली होती.

"मांड बाई तुझे पत्ते. तेवढीच करमणूक."

"गळ्यातली साखळी काढून ठेव."

"ती कशाला?"

बाईंनी जीभ चावली. "सवय गं. राहू दे. प्रश्न विचार."

"जाऊ की नको, हाच. तिकीट काढलंय, पण विचारते आपली."

बाईंनी पहिला पत्ता उलटला. दोन खांबांच्या मधे एक बाई बसली होती, एक खांब काळा आणि एक पांढरा. बाईंचा हात तिथेच थांबला. कुठल्या छापखान्यातला हा कागद, आणि त्यावर आपली ती काळ्या-पांढऱ्या फोटोंची खोली कशी?

"काय दिसतंय?" धाकटीने विचारलं.

मेहुण्यांचाच प्रश्न. "एक बाई आहे. मांडीवर गुंडाळलेला कागद आहे, अर्धा झग्याखाली झाकलेला. त्यात काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. आणि ती सांगत नाहीये." मग त्यांचा आवाज फुटला. "मी बघितलं होतं गं. त्यांच्या फोटोत. त्याच दिवशी. आणि बोलले नाही."

धाकटीने तो पत्ता बोटाने आपल्याकडे ओढला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्याच संध्याकाळी. म्हणाले, आज ताईंनी माझी थट्टा केली नाही. जन्मात पहिल्यांदा. म्हणजे आत काहीतरी आहे. म्हणाले, पोरीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, ते होऊ दे, मग आणू रिपोर्ट. मी रडले, भांडले, पण ऐकतायत कसले? लग्नात कसे नाचले ते तू बघितलंस ना?"

बाईंनी मान हलवली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या आत पाहण्यात गेली. आपला चेहरा कुणी असा एका नजरेत वाचला असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मग तू मला कधी विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. पहिलं वर्ष रागच होता तुझा. मग नुसती वाट."

जवळच्या त्या शिंप्याच्या दुकानातून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. उरलेले दोन पत्ते पालथेच पडून होते. धाकटीने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मी ती फिल्म कधी पाहिली नाही, ताई. डॉक्टर दिव्यापुढे धरायचे आणि मी खाली बघायचे. केवढं होतं ते?"

बाईंनी तिचा हात ओढून घेतला, टेबलावर उताणा ठेवला आणि आपलं बोट तळव्यावर हलकेच फिरवून एक लहानसं वर्तुळ काढलं, शर्टाच्या बटणाएवढं.

धाकटी वाकून आपल्या तळव्याकडे पाहू लागली.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

"एवढंसंच," बाई म्हणाल्या. धाकटीने हळूच मूठ मिटली.