निशाची बहीण

माझ्या हळदीच्या बॅनरवर माझा फोटो तिसऱ्या नंबरचा होता. सगळ्यात वर हात जोडून उभे असलेले आमच्याकडचे पुढारी, भाऊ. त्यांच्या खांद्याला लागून माझी चुलत बहीण निशा, कमरेपर्यंत, केस मोकळे. आणि तळाला एका बदामात मी आणि दीपेश. त्यातही बॅनर बांधणाऱ्यानं दोरी ओवली ती दीपेशच्या कानाशेजारून.

बॅनर पडघ्याच्या नाक्यावर लागला तेव्हा मी बाबांना विचारलं, "लगीन कुनाचा हाय?"

"तुजाच," बाबा म्हणाले. "पन लोकं थांबतील ती निशाला बघून ना. मंग तुला बघतील."

निशा रीलस्टार आहे. तीन लाख लोक तिला फॉलो करतात. भिवंडीत साडीचं नवं दुकान निघालं की फीत कापायला तिला बोलावतात. ती 'ठकूकाकी' करते. नऊवारी नेसते, पदर खोचते, हातात पळी घेते आणि जगाला झापते. मोबाइल, सुना, ब्युटी पार्लर, काहीही असो, शेवटी तिचं वाक्य ठरलेलं: "आमचे वक्ताला असा नवता गो बाय." त्या 'बाय'वर आवाज असा खाली सोडायचा, की लोक फोन बाजूला ठेवून हसतात.

ठकूबाई हे माझ्या आईचं नाव आहे. वाक्य आईचं, आवाज आईचा, पळीसुद्धा आमच्याच घरातली. रील आमच्या चुलीपुढं बनायची आणि फोन धरून मी उभी राहायची. हात हलला की ओरडा मला, लाइक तिला. आईला राग यावा ना, तर तो नाही. जेवताना रील बघायची आणि कौतुकानं म्हणायची, "बघ, कशी माज्यासारखी बोलतं." एकदा मी तो आवाज काढून बघितला. निशा म्हणाली, "तुला न्हाय जमत गो, रंजे. तू गोडावनच्या ऑफिसातल्यासारखी बोलतंस." मी गोदामाच्या ऑफिसातच कामाला आहे. मग कशी बोलणार?

तर मी निशावर जळते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, गावातल्या सगळ्याच पोरी जळतात. फक्त त्या तिच्याबरोबर सेल्फी काढून जळतात आणि मी तिची सख्ख्यासारखी आहे म्हणून मला घरात बसून जळावं लागतं. माझं मागणं एवढंच होतं, की हळदीच्या दिवशी लोकांनी आधी मला बघावं. एक दिवस. दुसऱ्या दिवसापासून निशालाच बघा, मी अकलोलीला सासरी असेन.

भाऊंचंही सांगते. भाऊ म्हणजे इच्छुक उमेदवार. कसले इच्छुक ते विचारू नका, जी निवडणूक लागेल तिचे. मे महिन्यात आमच्याकडं गावोगाव हळदी असतात आणि भाऊ एका संध्याकाळी जमतील तेवढ्या उरकतात. भाषण नाही, जेवण नाही. गाडीतून उतरायचं, गाणं थांबवून गायकानं त्यांचं नाव घ्यायचं, नवरीला हळद लावायची, फोटो, की पुढची हळद. महिनाभर त्यांची बोटं पिवळीच असतात. आमच्या बाबांना मतबित काही पडलेलं नाही, पण शेजारच्या हळदीला भाऊ आले होते, म्हणून आमच्याकडंही यायला हवे होते.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला अकलोलीहून माझी होणारी नणंद मैनाताई उष्टी हळद घेऊन आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती ही. पितळेची लहानशी वाटी, वर केळीचं पान. मी पाटावर बसले होते. मैनाताईनं वाटी उघडली आणि बाबा म्हणाले, "जरा थांबा. भाऊ निंगालंत. त्यांचे हातानंच सुरवात करू."

आम्ही थांबलो. डीजेनं आठ गाणी वाजवली असतील. सगळ्या बायांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसल्या होत्या, पाटावरची मीसुद्धा. माझे फुलांचे दागिने घामानं मान टाकायला लागले. निशा लाइव्ह करत फिरत होती. तिनंही फुलांचे दागिने घातले होते, माझ्यापेक्षा मोठे. फिरता फिरता ती माझ्या पाटाला खेटून बसली आणि फोन समोर धरून म्हणाली, "बघा, आमची नवरी." फोनमध्ये मी बघितलं. निशा पूर्ण दिसत होती आणि माझा एक कान.

तेवढ्यात गाड्या आल्या. गाणं थांबलं. गायकानं भाऊंना 'गोरगरिबांचा आधार' पासून सुरू करून बरंच काही म्हटलं. भाऊ भराभर आले, समोर पिवळ्या साडीत दोन पोरी. त्यातली एक त्यांनी रोज फोनवर बघितलेली. त्यांनी वाटीत दोन्ही हात घातले आणि निशाच्या गालांना हळद लावली. मग कपाळाला, मग हातांना. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखानं नांद, बाय."

मी शेजारीच बसले होते. एवढी शेजारी, की त्यांच्या मनगटावरच्या अत्तराचा वास आला.

भाऊंची चूक भाऊंना सांगणार कोण? बाबा हात जोडून उभे होते, ते तसेच राहिले. भाऊंच्या मागून त्यांचे कार्यकर्ते आले आणि फोटोत यायला म्हणून प्रत्येकानं निशाला बोटबोट हळद लावली. आणि निशा हसत होती. मला त्याचाच राग आला. तिनं तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की नवरी मी नव्हे, ही. पण लाइव्ह चालू होतं आणि लाइव्हमध्ये भाऊ होते.

गाड्या गेल्यावर मैनाताईनं वाटी वाकडी करून बघितली.

"हलद तं संपली," ती म्हणाली.

"घरातली देव का दुसरी?" बाबा म्हणाले.

"दुसरी कशी चालंल? माजे भावाचे अंगाची हाय ती."

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. बाबा मला म्हणाले, "जाव दे गो. भाऊ आलं, योच मोठा." आणि शेजारी निशा फोनवर बोट फिरवत म्हणाली, "रंजे, बघ ना, लोकं मना लग्नाच्या शुभेच्छा देतान." तिला त्याचं हसू येत होतं.

आईनं गर्दीतून माझ्याकडं बघितलं. रीलमध्ये असतं तसं काही नव्हतं, पदर खोचलेला नव्हता, पळी नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "तुजी हाय ना ती? मंग घे."

मी उठले. निशाची हनुवटी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं तिच्या गालावरची हळद ओरबाडून काढली. माझ्या गालाला लावली. मग तिच्या कपाळावरची माझ्या कपाळाला. मग हातांची. ती "रंजे, लागतं गो" म्हणाली, तरी मी थांबले नाही. काजळ पुसलं गेलं, फुलं तुटली. शेवटी तिचा चेहरा लाल आणि माझा पिवळा झाला, तेव्हा मी पाटावर परत बसले.

आधी मैनाताई हसली. मग सगळा मांडव हसला, गायकानं गाणं सुरू केलं आणि हळद पार पडली.

निशाचं लाइव्ह चालूच होतं. खाली पडलेल्या फोननं सगळं टिपलं होतं. सकाळपर्यंत ते तुकडे करून लोकांनी इतकं फिरवलं, की निशाच्या कुठल्याच रीलला तेवढी माणसं मिळाली नव्हती. मी लग्नाच्या दिवशी मेंदीच्या हातानं ते उघडून बघितलं, कितीदा ते सांगत नाही. एका यूट्यूब चॅनलवाल्यानं वर लिहिलं होतं: 'निशाच्या बहिणीनं भाऊंसमोरच केला राडा'. भाऊ तेव्हा पुढच्या हळदीला पोचलेसुद्धा होते. आणि खाली शेकडो लोकांनी विचारलं होतं, निशाची बहीण कोण आहे? कुणालाच माझं नाव माहीत नव्हतं. बॅनरवर होतं खरं, पण भाऊ आणि निशाच्या खाली.

निशा पाठवणीला रडली, मीही रडले. गाडीत बसेपर्यंत मी आईचा हात सोडला नाही.

अकलोलीला दारात बाया गोळा झाल्या होत्या. "आली, निशाची बहीण आली." उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी पायानं हळूच लवंडलं आणि आत पाऊल टाकलं.

"थांब, थांब," मैनाताई फोन धरून म्हणाली. "नीट आला न्हाय. परत एकदा."

तांदूळ गोळा करून माप पुन्हा भरलं. मी बाहेर गेले, पुन्हा लवंडलं. या वेळी कुणीतरी मध्ये आलं. पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा मी बाहेर उभी राहिले, पाय दुखत होते, दीपेश खाली बघत होता, आणि माझ्या तोंडून गेलं,

"आमचे वक्ताला असा नवता गो बाय."

मी काढायचा म्हणून आवाज काढला नव्हता. तो आपला आला, शेवटी जसा खाली जायला हवा तसा गेला. क्षणभर मला वाटलं, आई मागं उभी आहे.

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मैनाताई म्हणाली, "ऐकलंव का? अगदी निशा. डिट्टो निशा बोलतं."

"आई हाय ती माजी," मी म्हणाले.

पण तोवर मैनाताईनं फोन खाली केला होता. ते व्हिडिओत आलं नाही.