म्हशीच्या खुरातला चेंडू

शांभवी हिरेमठ यांच्या पत्राला मी अनेक वर्षं उत्तर दिलं नाही. १९९६ मध्ये ते धारवाडहून आलं होतं. ‘माझे वडील बसवेश तुमच्या तलावाकाठच्या क्लबात गोल्फ खेळत. ते आता नाहीत. तुम्ही लिहिलेला क्लबचा इतिहास वाचल्यापासून आई गप्प झाली आहे. वडिलांनी लबाडी केली होती का, एवढंच कळवा.’

निवृत्त ग्रंथपाल, भाषा बरी, म्हणून तो इतिहास क्लबनं माझ्याकडून लिहून घेतला होता. गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही. जुन्या अहवालात होतं तेच मी उतरवलं : अंतिम सामन्यात बसवेश हिरेमठ यांनी चेंडू हातानं उचलून बाजूला ठेवला, नियमभंगाबद्दल बाद. पत्र आल्यावर मी नियमांचं इंग्रजी पुस्तक दोनदा वाचलं. चेंडू पडेल तिथूनच मारायचा, असं त्यात स्पष्ट होतं. मग त्या मुलीला ‘हो’ कसं लिहायचं? आणि ‘नाही’ कशाच्या आधारावर? पत्र टेबलाच्या खणात राहिलं.

२००३ च्या उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे आटले. शेजारच्या वाडीतल्या म्हशींना तलावावर पाणी मिळावं म्हणून क्लबनं तारेच्या कुंपणात वाट करून दिली. मी तेव्हा क्लबच्या वाचनकोपऱ्यातली पुस्तकं लावायला जात असे. एका सकाळी व्हरांड्यात उभा होतो. समोर शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी भरमाप्पा त्यांच्या पुतण्याबरोबर, वीरेशबरोबर, खेळत होते. चिखलात उमटलेल्या म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात भरमाप्पांचा चेंडू रुतला. त्यांनी तो सरळ उचलला, धोतराला पुसला आणि बाजूच्या गवतावर ठेवला.

“आप्पा, हात लावला, ह्यो दंडाचा फटका मोजायचा,” वीरेश म्हणाला.

“कशाला? म्हशीच्या खुरात गेलाय. खुरातला उचलायचा.”

मी पायऱ्या उतरून गेलो. “पण पुस्तकात तसं नाही.”

“पुस्तक इलायतेचं, मास्तर. तिथं गोल्फच्या रानात म्हशी शिरत्यात व्हय? हितं पहिल्यापास्नं असंच हाय. तार घातली, म्हशी बंद झाल्या, मग खूर न्हाईत आन नियम बी कुणी काढंना.”

मी विचारलं, “मग बसवेश हिरेमठ?”

“त्यो? लई सरळ माणूस. तवा तार नव्हती, त्याचा चेंडू बी खुरातच गेलता. पंच परगावचा हुता, त्याला काय ठावं. आमी भांडाय उठलो, तर बसवेशच म्हणाला, ऱ्हाऊ द्या, पावण्याचा मान ऱ्हाऊ द्या. पर मनाला लागलं त्याच्या. परत आला न्हाय.”

“मला कधी बोलला नाहीत?”

“तुमी इचारलं कवा? आन तुमचं पुस्तक मी वाचलंय कुठं?” भरमाप्पा हसले आणि चेंडूकडे वळले.

घरी जाऊन मी लिहायला बसलो. चार मसुदे फाडले. प्रत्येकात माझ्याबद्दलच फार होतं. शेवटी उरलं ते थोडकं. तुमच्या वडिलांनी लबाडी केली नाही. चेंडू म्हशीच्या खुरात पडला होता आणि इथल्या रिवाजाप्रमाणे तो उचलायचाच असतो. वडील बरोबर होते, हे त्यांच्याबरोबर खेळलेले भरमाप्पा आजही सांगतात. आईंना हे वाचून दाखवा. उशीर माझा, त्याची क्षमा असावी.

टपाल कचेरीत खिडकीशी उभा राहून मी पत्ता पुन्हा पुन्हा ताडून पाहत होतो. मागं रांग वाढली.

“काका, बराबर हाय पत्ता,” कारकून म्हणाला. “द्या की हिकडं.”

मी दिलं. त्यानं शिक्का मारून ते धारवाडच्या थैलीत टाकलं.