हाकांची चिठ्ठी

तिने 'हाका' असं लिहिलेली पिवळी चिठ्ठी फळ्यावरून काढली, मागचा डिंक अंगठ्याने चाचपला आणि पुन्हा त्याच जागी, 'चालू' नावाच्या रकान्यात, जरा जास्तच दाबून लावली. या दोन आठवड्यांत ती चिठ्ठी दोनदा आपोआप गळून पडली होती. दोन्ही वेळा सकाळी सगळ्यांच्या आधी तीच आली होती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

"घड्याळबाई, सव्वादहा झाले," मागून आवाज आला.

रोजची उभी बैठक. बैठक म्हणायचं आणि उभं करायचं, हा यंत्राच्या पडद्याचं काम करणाऱ्या मुलीचा पहिल्या दिवसापासूनचा विनोद होता, आणि आजही तिने तो केला. कुणी हसलं नाही. पंधरा मिनिटांत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे.

कंपनी कानात घालायची यंत्रं बनवायची. तिच्या जुन्या गोदामात पाच जणांचा हा 'नवे प्रयोग' विभाग थाटला होता. आजाराने ज्यांचं बोलणं जात चाललंय त्यांचे शब्द, आवाज आहे तोवर, त्यांच्याच आवाजात साठवून ठेवायचे. पुढे पडद्यावर बोट ठेवलं की यंत्राने ते बोलायचे. काम स्क्रमच्या पद्धतीने चालायचं. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट. त्यात काय करायचं ते सोमवारी ठरवायचं, आणि एकदा ठरलं की मध्ये काही घुसवायचं नाही. काय आधी आणि काय नंतर, हा निर्णय प्रॉडक्ट ओनरचा. ओनर म्हणून सगळे त्यांना मालक म्हणत; सातव्या मजल्यावरच्या खऱ्या मालकांना याचा पत्ता नव्हता. आणि ती स्क्रम मास्टर. मास्टर नावालाच. वेळ बघायची, नियम बघायचे, कुणाचं काही अडलं असेल तर सोडवायचं. म्हणून घड्याळबाई.

यंत्र ज्यांच्यासाठी जुळत होतं त्या मालकांच्या पत्नी. त्यांना सगळे वहिनी म्हणत. एखादं काम झालं असं विभागाने म्हणून चालत नसे. वहिनींनी ते स्वतः वापरलं की मगच चिठ्ठी 'पूर्ण' या रकान्यात जाई. हा नियम मालकांनीच घातला होता.

"तुझं कुठे अडलंय?" तिने कानसेनला विचारलं. आवाजाचं सगळं काम त्याच्याकडे होतं. गाता एक ओळ येत नसे, पण ऐकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अडलं नाही," तो म्हणाला. "सापडलंय."

मग जमिनीकडे बघत म्हणाला, "बैठक झाली की ऐका. आणि घड्याळबाई, तुमचं? तुमचं कुठे अडलंय ते कधी कुणी विचारत नाही."

"माझं काही नाही," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

त्या वहीच्या पुढच्या पानांवर स्प्रिंट होते. मागच्या पानांवर तिच्या दीड वर्षाच्या मुलीचे शब्द, तारखांसह. सतरा झाले होते. त्यात 'मावशी' होती, पाळणाघरातल्या बाईंची. 'आई' अजून नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका. म्हणून ती रात्रंदिवस तेवढंच करत होती.

'हाका' ही चिठ्ठी मालकांनी पहिल्याच स्प्रिंटच्या आधी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, आणि दर वेळी यादीत सगळ्यात खाली लावली होती. वर 'दुखतंय', 'पाणी', 'कूस बदला', 'दिवा बंद करा', 'श्वास घेता येत नाही'. 'हाका' म्हणजे वहिनी घरातल्या माणसांना ज्या हाका मारतात त्या. घरात माणसं दोन.

"मला हाक मारायची वेळ येतेच कुठे?" ते म्हणायचे. "मी असतोच समोर. गरजेचं आधी."

नऊ स्प्रिंट असेच गेले. मग सोळा दिवसांपूर्वी, बुधवारी, स्प्रिंट संपायला दोन दिवस असताना, ते तिच्या टेबलाशी आले. आवाजाच्या खोलीत वहिनी पाण्याची बाटली पिशवीत ठेवत होत्या. त्यांचा आवाज त्या दिवशी घोगरा होता, पण होता.

"एक छोटंसं काम आत घेता येईल का? दहा मिनिटांचं. ती हाकांची चिठ्ठी. एकच हाक आहे तशी."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा.

"मालक, तुम्हीच सांगता ना, मध्ये काही घुसवायचं नाही म्हणून? सोमवारी सगळ्यात वर लावू. अगदी पहिली."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम तो नियम."

गुरुवारी वहिनींना ताप आला. शनिवारी पहाटे श्वास लागेना, आणि दवाखान्यात गळ्याला छेद देऊन नळी घातली; आवाज गेला. सोमवारी हाकांची चिठ्ठी ठरल्याप्रमाणे सगळ्यात वर लागली.

मालकांनी आधी घरी हाक टिपून घ्यायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. "फोन समोर धरला की ती हसायची आणि मग रडायची," त्यांनी नंतर कानसेनला सांगितलं होतं. "तुमच्या खोलीत कसं, काम असायचं." फोनमधल्या जुन्या चित्रफितीही त्यांनी धुंडाळल्या होत्या. सगळीकडे त्या इतरांशी बोलत होत्या. चित्र घेणारे मालकच. त्यांच्याकडे वहिनी नुसत्या बघायच्या.

कानसेनने तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

"दर स्प्रिंटला तुम्ही मला ओरडायचात ना, कच्चं ध्वनिमुद्रण पुसलं का नाही म्हणून? एकोणीस तासांचं आहे. आळसाने राहिलं होतं. सगळं ऐकलं. शब्दांच्या मधली कात्रणं, खोकला, खुर्ची, पाणी पिणं. त्यात एवढं एकच."

आधी खुर्चीचा आवाज. कुणीतरी नाक ओढलं. मग वहिनींचा आवाज, दुसऱ्या स्प्रिंटमधला, स्वच्छ आणि वैतागलेला: "अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा ना."

आणि लांबून मालकांचा: "बरं बाई."

तिला तो दिवस आठवला. 'दुखतंय'चे प्रकार चालले होते. थोडं दुखतंय. फार दुखतंय. सहन होत नाही. वहिनी हे सरळ, एखादा पत्ता सांगावा तशा म्हणत होत्या आणि मालक कोपऱ्यात बसून रडत होते. तिसऱ्यांदा आवाजात हुंदका मिसळला तेव्हा वहिनींनी त्यांना बाहेर काढलं. पंचवीस मिनिटं ते बोळात दाराकडे पाठ करून उभे होते. आत सगळे हसले होते, वहिनीसुद्धा.

"पहिला शब्द तेवढा ठेवू," कानसेन म्हणाला. "मागचं कापतो. जोड कळणारसुद्धा नाही. नाहीतर काय, आयुष्यभर बायकोने हाक मारायची आणि ती पण 'चालते व्हा' म्हणून?"

"मालकांना विचार," ती म्हणाली.

तीन वाजता स्प्रिंट दाखवायचा होता. पावणेतीनला मालक वहिनींची चाकांची खुर्ची ढकलत बोळातून आले. सदरा इस्त्रीचा होता, पण बटण एक घर चुकलं होतं. आजवर त्यांच्या बटणांकडे कुणाला लक्ष द्यावं लागलं नव्हतं. पडद्यावाली मुलगी वहिनींना आत घेऊन गेली. कानसेनने मालकांना बाहेरच हेडफोन दिले आणि दोन वाक्यांत काय ते सांगितलं.

मालकांनी ते एकदा ऐकलं. मग बोटाने खूण केली: पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना ते हसले. खांदे हलले म्हणून ते हसताहेत असं तिला वाटलं.

"कापू नका," ते म्हणाले. "ती असंच बोलायची. माझं तेवढं काढा. 'बरं बाई'. ते मला येतं अजून."

कानसेन आत गेला. बोळात दोघंच उरली. तिने वही छातीशी धरली होती.

"मालक, त्या बुधवारी… ते नियमाचं नव्हतं. मला निघायचं होतं. पाळणाघरातून फोन आला होता, मुलीला ताप होता. दहा मिनिटं थांबता आलं असतं. मी नियम पुढे केला."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही बोलत होतात तेव्हा फोन टेबलावर थरथरत होता. त्यावर नाव दिसत होतं."

तिने छातीशी धरलेली वही खाली घेतली.

"उतरला ना ताप?"

"हो. दुसऱ्याच दिवशी."

"मग झालं," असं म्हणून ते दार ढकलून आत गेले.

आवाजाच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या होत्या. दार लागलं की बाहेरचं आत आणि आतलं बाहेर काही जात नसे. वहिनींच्या मांडीवर पडदा ठेवला. डाव्या हाताची दोन बोटं अजून ऐकत होती. ठरलेलं सगळं दाखवून झालं. 'उशी', यंत्र वहिनींच्या आवाजात म्हणालं. 'पाय झाका.' 'आज नको.' प्रत्येक वेळी वहिनी मान किंचित हलवत आणि पडद्यावाली मुलगी हातातली एकेक चिठ्ठी बाजूला ठेवी.

शेवटी पडद्यावर एक नवा चौकोन आला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. काय लिहावं ते कुणाला सुचलं नव्हतं. वहिनींनी कानसेनकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहू लागला.

त्यांनी बोट ठेवलं.

"अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा ना."

मग वहिनींच्या तोंडाची एक बाजू वर गेली. हसण्याचा आवाज त्यांच्याकडे उरला नव्हता, नळीतून नुसती हवा फुसफुसली, पण तेवढ्याने खोलीतले सगळे हसले. पडद्यावाली मुलगी तर डोळे पुसेपर्यंत हसली. मालक उठले. सदरा सारखा केला, बायकोला मान लववली आणि खरंच बाहेर गेले. दार मागे आपोआप लागलं.

हसू ओसरलं. सगळे दाराकडे बघत होते. दाराच्या वीतभर काचेतून त्यांची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

वहिनींनी पुन्हा बोट ठेवलं. "अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा ना."

गाद्यांनी ते गिळलं. काचेपलीकडची पाठ तशीच. वहिनींचं बोट पडद्यावर फिरलं. 'पाणी'वर गेलं, 'उशी'वर गेलं, 'आज नको'वर थांबलं. 'आत या' असं तिथे कुठेच नव्हतं. इतक्या स्प्रिंटमध्ये त्याची चिठ्ठी कुणी लिहिलीच नव्हती. बोट परत त्या कोऱ्या चौकोनावर आलं.

"अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा ना."

तिच्या हातातल्या फोनचा गजर वाजला. वेळ संपली होती. तिने तो बंद केला, फोन वहीत खुपसला आणि उठून दार सताड उघडलं. पाठीने दाराला रेलून उभी राहिली, मिटू नये म्हणून.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा बोट ठेवलं. या वेळी आवाज बोळात गेला, शेवटच्या खिडकीपर्यंत.

मालक भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण घसा साफ केल्याचं तिला ऐकू आलं.

"बरं बाई," ते म्हणाले.