राखून ठेवलेला पंप

“तो पंप मी देणार नाही, साहेब.”

भांडारबाईंनी हे बसूनच सांगितलं. हवाई तळाच्या सुट्या भागांच्या भांडारात सव्वीस वर्षं काढली, पण अधिकाऱ्याला नकार द्यायची ही पहिलीच वेळ.

“उद्या तपासणी आहे,” देखभाल अधिकारी म्हणाले. “सहाही हेलिकॉप्टरं सज्ज दिसायला हवीत. सहाव्याचा इंधनपंप गेलाय आणि तुमच्याकडे एक पडून आहे.”

“एकच आहे. दुसरा यायला सहा आठवडे. माणसं वर ओढायची चरखी फक्त तिसऱ्या हेलिकॉप्टरला आहे. उद्या त्याचाच पंप गेला तर?”

“संगणक सांगतो, चार महिन्यांत एक पंप लागतो. तो सहाव्याला लागला. झालं.”

“संगणकाला सरासरी कळते साहेब, वाळू कळत नाही. पंधरा दिवस सरावासाठी सगळी हेलिकॉप्टरं वाळूत उतरताहेत. अशा सरावानंतर पंप एकामागोमाग जातात, माझ्या वहीत तीनदा नोंद आहे. म्हणून चार मागितले होते. वरून एक आला.”

“वहीवर तळ चालत नाही, बाई. किल्ल्या द्या.”

बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दुपारपर्यंत पंप सहाव्या हेलिकॉप्टरला बसला आणि बाईंची रवानगी टपाल विभागात झाली.

तपासणी छान पार पडली. पाहुण्यांनी कौतुक केलं. पाकिटांवर शिक्के मारताना बाईंना मनापासून वाटत होतं, आपलंच चुकलेलं असू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. मच्छीमारांची बोट उलटली होती, नऊ माणसं पाण्यात. वैमानिक धावत तिसऱ्या हेलिकॉप्टरात चढले, आणि पंपाने दाब धरलाच नाही.

मेकॅनिकने सहाव्याचा पंप उतरवायला घेतला. खोक्यातला नवा असता तर तासाभराचं काम. उतरवणं, बसवणं, पुन्हा चाचणी, यात पावणेतीन तास गेले. बाई खिडकीशी उभ्या होत्या. टपाल तसंच पडून राहिलं.

सात जण परत आले.

संध्याकाळी मेकॅनिक हात पुसत दाराशी आला. “ताई, तुमचंच खरं ठरलं.”

“ठरू नये म्हणून तर ठेवला होता रे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी स्वतः किल्ल्या घेऊन टपाल विभागात आले. किल्ल्या त्यांनी बाईंपुढे ठेवल्या.

“तुम्हाला कळलं होतं,” ते म्हणाले.

“कळलं नव्हतं, साहेब. भीती होती.”

“पुढच्या वर्षीच्या मागणीचा तक्ता आज जायचाय. तुम्हीच भरा.”

बाई भांडारात जाऊन बसल्या, अधिकारीही मागोमाग आले. इंधनपंपापुढे त्यांनी चार लिहिले. शेजारी ‘कारण’ असा बोटभर रुंदीचा रकाना होता. पेन तिथे थांबलं.

“साहेब, ते दोघे... त्यांची नावं काय होती?”

अधिकाऱ्यांनी हळू आवाजात सांगितली. रकाना अरुंद होता. बाईंनी अक्षर बारीक केलं आणि दोन्ही नावं पूर्ण लिहिली.