सेतूच्या सलूनमधला वस्तरा

मी वस्तरा बोलतोय. जरा जपून ऐका, माझी जीभ पहिल्यापासून तिखट!

सेतूच्या वडिलांनी मला मद्रासच्या मूर मार्केटातून आणलं, आणि कुंभकोणमच्या बाजारातल्या त्यांच्या सलूनमध्ये माझं राज्य सुरू झालं. काय त्या ऐंशीच्या दशकातल्या सकाळी! शेजारून कॉफीच्या डिकाशनचा वास यायचा, रेडिओवर सनईसारखं नादस्वरम वाजायचं आणि सेतू मला चामड्याच्या पट्ट्यावर सपसप फिरवायचा. गिऱ्हाईक मान मागे टाकून चक्क घोरायचं. समोर पातं असताना इतका निवांत झोपणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा नसेल. ते दिवस मला फार आठवतात.

पुढे एड्स आला. जगभर पसरलेला हा आजार आपल्याकडेही शिरला, तेव्हा सरकारने गावोगावी भित्तिपत्रकं लावली. एक आमच्या आरशाशेजारी लागलं. त्यात दोन गोष्टी होत्या. शिवल्याने हा रोग होत नाही, आणि दाढीला प्रत्येक माणसाला नवं ब्लेड वापरा. लोकांनी दुसरी तेवढी पाठ केली. सेतूने ब्लेडं आणली आणि मी खणात गेलो. राग आला, पण सरकारचं चूक म्हणता येईना.

त्याच सुमारास भांड्यांच्या दुकानात काम करणारा चंद्रमौली आजारी पडला. त्याचं मराठी घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यापासून इथलं, म्हणून सेतू त्याला 'रायर', म्हणजे राव, म्हणायचा. त्याला एड्स झाल्याचं कळताच गल्लीने घर वाळीत टाकलं. "कसा झाला?" विचारणारे पुष्कळ होते. "कसा आहेस?" विचारणारं कुणी नव्हतं.

एके सकाळी त्याची आई मीनाक्षीबाई सलूनच्या पायरीशी आल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "सेतू, त्याची दाढी छातीला लागली रे. आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय त्याने. येशील?"

खुर्चीतले शेषाद्री ताडकन उठले. "गेलास, तर पुन्हा आमच्या अंगाला हात लावायचा नाही!"

सेतू बराच वेळ भित्तिपत्रकाकडे बघत राहिला. दुकानावरच त्याचं घर चालत होतं. मग त्याने खण उघडून मला उचललं.

घरी चंद्रमौली तोंड फिरवून म्हणाला, "सेतू, मला शिवू नकोस."

"रायर, बोललात तर कापेल," सेतू म्हणाला आणि साबण फेसाळू लागला.

दाढी झाल्यावर चंद्रमौलीने आरसा मागितला. स्वतःला न्याहाळत आईला आपल्या तंजावरी मराठीत विचारलं, "अम्मा, मुख बरें दिसतें कां?" मीनाक्षीबाईंनी त्याच्या कानामागे राहिलेला फेस बोटाने टिपला.

सेतूने मला धुऊन-पुसून फळीवर ठेवलं. "एका माणसाला एक वस्तरा, सरकारचंही तेच म्हणणं. हा आता तुमचा."

गावभर हिंडलेला मी एका माणसाचा झालो. सेतू दर रविवारी यायचा. त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली, तरी यायचा. चंद्रमौली गेला, तेव्हा त्याच्या शेवटच्या आंघोळीआधीही सेतूनेच मला हातात धरलं.

आता माझी धार गेली. मीनाक्षीबाई गंजू नये म्हणून मला तेल लावतात. वाचकहो, कुठे असं आजाऱ्याचं दार एकटं पडलेलं दिसलं, तर आत जा, एवढंच माझं मागणं.

परवा मीनाक्षीबाईंची भाची अंबुजा म्हणाली, "आत्या, हा कावेरींत टाकून दे."

मीनाक्षीबाईंनी मला पदराने पुसलं.

"कसा टाकूं, अंबुजा? दोघेच आले. सेतू आणि हा."