न हुंगायची शिकवणी

साबणाच्या कारखान्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला एक खोली होती आणि त्या खोलीत एक नाक बसत असे. नाकाला जोडून एक माणूसही होता. पण पगार नाकाला मिळतो, याबद्दल खुद्द त्या माणसाच्या मनातही शंका नव्हती. सगळे त्याला नाकसाहेब म्हणत.

काम दिसायला सोपं. सुगंधी तेलाचं नवं पिंप आलं की कागदाची पट्टी त्यात बुडवायची, नाकाखाली धरायची आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं. हुंगायची रीत त्यांना आधीच्या नाकाने, म्हणजे त्या खोलीत त्यांच्याआधी बसणाऱ्या म्हाताऱ्याने शिकवली होती. हनुवटी वर, डोळे मिटलेले, आणि वास कपाळामागे जाऊन बसेपर्यंत ओढायचा. नाकसाहेबांनी त्यानंतर आयुष्यात कधी उथळ हुंगलं नाही. घरचा चहासुद्धा ते आधी कपाळामागे नेत आणि मग पीत.

अशा नाकाला ॲलर्जी झाली. तपासणीत निघालं, धुळीची. ज्या धुळीत उरलेली मानवजात मजेत नांदते आहे, तिने नेमकं या एका नाकाशी वैर धरावं, याचा नाकसाहेबांना पहिला संताप आला. सकाळी शिंकांची सरबत्ती, दुपारी नळ, आणि संध्याकाळी दोन्ही नाकपुड्यांना बूच. औषधांच्या दुकानात नाक मोकळं करणारे थेंब सहज मिळत. त्यांची एक बाटली कायम खिशात असे. थेंब घातले की घटकाभर वाट मोकळी, मग बूच पहिल्यापेक्षा घट्ट, मग पुन्हा थेंब. असे महिने गेले. मधल्या काळात पिंपं येत राहिली आणि नाकसाहेब डोळे मिटून, हनुवटी वर करून, काहीही न समजता ‘पास’ म्हणत राहिले.

शेवटी मॅनेजर वर आला. हा गृहस्थ वाईट बातमीसुद्धा पेढा द्यावा तशी देत असे.

“साहेब, महिनाअखेरीला मालकीणबाई येताहेत. पट्ट्या त्या बुडवणार, वास तुम्ही ओळखायचा. नाही ओळखलात तर काही हरकत नाही. ही खोली गोदामाला देऊ आणि तुम्हाला पॅकिंगला बसवू. तिथे नाक लागतच नाही.”

पॅकिंगला! खोक्यांना चिकटपट्टी लावायला! नाकसाहेब त्याच संध्याकाळी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर माणसं शेंगदाण्यांसारखी दाटीने बसलेली. आत बाईंनी नाकात उजेड पाडला, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, “हा स्प्रे. रोज सकाळी, दोन्हीकडे दोन-दोन फवारे. चला, पुढचे कोण?”

घरी बायकोने खोक्यातला कागद चष्मा लावून वाचला. वाचता वाचता चष्मा काढला.

“अहो, यात स्टेरॉइड आहे.”

नेमका तेव्हाच बायकोचा भाऊ येऊन बसला होता. हा मेहुणा व्यायामशाळा चालवायचा आणि कुठल्याही विषयावर दंड फुगवूनच बोलायचा.

“दाजी, हात लावू नका त्याला! स्टेरॉइड म्हणजे काय ठाऊक आहे का? तोंड भोपळ्यासारखं होतं. हाडं खारी बिस्किटासारखी कुरकुरतात. आमच्याकडची दोन पोरं बघा, सुया टोचून घेत होती, आता जिना चढवत नाही.”

“हे नाकात मारायचं आहे रे,” बायको म्हणाली.

“नाकातून मेंदू किती लांब आहे, ताई?” असं विचारून मेहुण्याने हातातल्या बाटलीतली, पाण्यात कालवलेली हिरवी पावडर गदागदा हलवून पिऊन टाकली. तिच्यात काय होतं ते पावडर करणाऱ्यालाच ठाऊक. बाटलीवर मात्र एका बैलाचं चित्र होतं.

नाकसाहेबांनी स्प्रे कपाटात ठेवला आणि खिशातले थेंब घातले. थेंबांवर स्टेरॉइड लिहिलेलं नव्हतं. ते सोज्वळ होते.

पण मालकीणबाई काही तारीख बदलणाऱ्यातल्या नव्हत्या. एका सकाळी दात घासायच्या पेस्टचाही वास येईना, तेव्हा नाकसाहेबांनी घाबरत घाबरत कपाट उघडलं. हनुवटी वर केली, डोळे मिटले, नळी सरळ आत खुपसली, फवारा मारला आणि कपाळामागे जाईपर्यंत ओढलं. घशात कडू धार उतरली. दुसरा फवारा. आणखी कडू. पाण्याने गुळण्या केल्या तेव्हा बरं वाटलं. चार-पाच दिवस हाच कार्यक्रम झाला. नाक होतं तसंच बंद. उलट एका सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका आला.

“बघा!” मेहुणा फोनवर ओरडला. “मी काय म्हणत होतो!”

नाकसाहेब रुमालासकट दवाखान्यात गेले. नंबर लावला नाही. दार ढकललं आणि रुमाल टेबलावर पसरला.

“हे काय आहे, बाई? वास येण्यासाठी तुमच्याकडे आलो, रक्त यायला नाही! पैसे घेऊन विष देता? आणि वर त्याला स्प्रे म्हणता?”

डॉक्टरीणबाईंनी रुमाल पाहिला. पेन खाली ठेवलं. “आधी बसा. बाटली आणलीय का?”

“आणलीय. पुरावा म्हणून.”

“मग कसं मारता ते दाखवा.”

“दाखवायचं काय त्यात? नाक माझं आहे. गेली कित्येक वर्षं त्यावर पोट भरतोय.” असं म्हणत त्यांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले, नळी मधोमध रोखली आणि असा काही श्वास ओढला की टेबलावरचा कागद हलला.

बाई बघत राहिल्या. मग त्यांचाही पारा चढला.

“अहो, हे औषध घशात नाही घालायचं! तुम्ही सगळं ओढून पोटात पाठवताय, नाकात काय उरणार? आणि नळी मधल्या पडद्यावर रोखता. तिथेच सोललंय, तिथूनच रक्त.”

“मग सांगायचं होतं ना तुम्ही! ‘रोज सकाळी, पुढचे कोण’ एवढंच म्हणालात! पंखा विकणारा माणूससुद्धा बटण फिरवून दाखवतो. इथे माझ्या नाकात माल घालायचा, आणि कुठल्या बाजूने घालायचा ते मीच शोधायचं?”

यावर बाईंनी बाहेरच्या दाटीकडे एकदा बघितलं. “हे मात्र खरं आहे,” त्या म्हणाल्या. “दाखवायला हवं होतं.” आणि कंपाउंडरला सांगून दार लावून घेतलं.

“नाक आधी हळूच शिंकरा. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर एक-दोन फवारे हवेत सोडा. आता मान जरा खाली. खाली! छताकडे नाही, बुटांकडे बघा. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळते. पडद्यापासून लांब. मारा. आणि श्वास अगदी हलका. फुलावर फुंकर मारावी, त्याच्या उलट, पण तेवढाच हळू.”

नाकसाहेबांनी मारलं. आणि ओढलं.

“ओढलंत.”

“सवय आहे.”

“सोडा. घशात चव आली तर समजा, चुकलं. मारल्यावर लगेच नाक शिंकरायचं नाही. नळी पुसून ठेवायची. बाटली दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. आणि पडदा भरून येईपर्यंत काही दिवस बंद, मग मी पुन्हा बघते आणि सुरू करू.”

“पण स्टेरॉइड आहे ना हे?”

“आहे. अगदी थोडं, आणि जिथे सूज आहे तिथेच. सांगितलेल्या मापात घेतलं तर अंगात फारच कमी जातं. सुया टोचणाऱ्यांशी त्याचं नातं म्हणाल, तर आडनाव एक, घर वेगळं. पण दम्याचा पंप, गोळ्या, मलम असं दुसरं स्टेरॉइड घेत असाल तर मला कळलं पाहिजे. डोळ्यांत काचबिंदू, मोतीबिंदू?”

“नाही.”

“मग काही महिन्यांनी या. बघू, कमी करता येतं का. आणि हो, हे तडकाफडकी चालत नाही. रोज घ्यायचं. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात.” एवढ्यात त्यांची नजर नाकसाहेबांच्या खिशाकडे गेली. “ते काय आहे?”

“हे? हे साधे थेंब. दिवसातून पाच-सहा वेळा.”

“किती दिवस?”

“झाले असतील सहा-सात महिने.”

डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. “महिने? अहो, हे चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचंच नाही! नाक यानेच जास्त बंद होतं! ज्याला घाबरायचं त्याला खिशात घेऊन फिरता आणि ज्याला घाबरायचं नाही ते कपाटात कोंडता?”

नाकसाहेबांना आणखी राग आला. दुकानदारावर आला, ज्याने एकदाही विचारलं नाही. मेहुण्यावर आला. सगळ्यात जास्त त्या बाटलीवर आला, जी इतकी निरागस दिसत होती.

काही दिवसांनी बाईंनी पडदा पुन्हा पाहून होकार दिला आणि घरी शिकवणी सुरू झाली. ज्या माणसाने आयुष्यभर ओढलं, त्याने न ओढायला शिकायचं. बायको न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी.

“ओढलंत! मला ऐकू आलं.”

“तो नळाचा आवाज होता.”

“नळ बंद आहे.”

थेंब सोडल्यावर पहिले काही दिवस नाक असं बंद झालं, की नाकसाहेब उशी उंच करून बसूनच झोपत आणि सकाळी उठून सगळ्या वैद्यकशास्त्राचा उद्धार करत. स्प्रे रोज चालू होता, गुण दिसत नव्हता. “हे औषध झोपलंय की काय?” ते ओरडायचे. “बाई म्हणाल्यात ना, दोन आठवडे,” बायको म्हणायची आणि पुन्हा दाराला कान लावायची. मेहुणा दाजींच्या तोंडाचा भोपळा झाला का ते बघायला येऊन गेला आणि नाकसाहेबांचं तोंड नेहमीएवढंच लांबट पाहून जरा हिरमुसला.

आणि एका सकाळी बायको शर्टाला इस्त्री करत असताना नाकसाहेब दारातच थांबले. गरम सुती कापडाचा वास आला होता. मग लाकडी कपाटाचा. मग तिच्या हाताला लागलेल्या साबणाचा. त्या शेवटच्या वासाने मात्र त्यांच्या कपाळावर आठी पडली. साबण त्यांच्याच कारखान्याचा होता. गुलाब.

महिनाअखेरीला मालकीणबाई आल्या. नाकसाहेबांच्या पाठीमागे पिंपांत पट्ट्या बुडवून समोर मांडल्या. मॅनेजर दारात हात बांधून, चेहऱ्यावर शोकसभेची तयारी.

लिंबू ओळखलं. चंदन ओळखलं. लिंबात मिसळलेला थेंबभर पुदिनाही ओळखला. मालकीणबाईंची मान डुलू लागली. शेवटची पट्टी हातात आली. नाकसाहेबांनी ती हुंगली आणि खाली ठेवली.

“याला काय म्हणता?” मालकीणबाईंनी विचारलं.

“पिंपावर गुलाब लिहिलेलं असेल. आत गुलाब नाही. स्वस्तातलं रसायन आहे, मागून रॉकेलची झाक येते. नापास.”

मॅनेजर हसला. “साहेब, याच मालाची पिंपं गेले सहा महिने तुम्हीच पास करताय.”

नाकसाहेबांना दोन वाटा दिसत होत्या. एका वाटेवर गुलाब म्हणायचं आणि खोली राखायची. दुसऱ्या वाटेच्या टोकाला चिकटपट्टी होती.

“हो,” ते म्हणाले, आणि आवाज चढलाच. “कारण सहा महिने माझं नाक बंद होतं! मला काही समजत नव्हतं आणि मी पास म्हणत होतो. ती माझी लबाडी, तिची काय शिक्षा असेल ती द्या. पण या मॅनेजरचं नाक तर उघडं होतं ना? नाक बंद झालेल्या माणसाकडे नेमकं हेच पिंप वर पाठवायचं कोणाला सुचलं, ते विचारा!”

मालकीणबाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. मग स्वतः पट्टी उचलली, हुंगली, नाक मुरडलं. “खरेदीचे कागद घेऊन खाली या,” एवढंच त्याला म्हणाल्या. नाकसाहेबांना म्हणाल्या, “तुमची शिक्षा नंतर ठरवते. बाजारात गेलेला सगळा गुलाब परत येईल. एकेक खोकं तुम्ही हुंगायचं. याच खोलीत बसून.”

त्या जिना उतरल्या. मॅनेजर मागे रेंगाळला.

“काय गरज होती, साहेब?” तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. “तुमचं नाक बंद होतं तेव्हा सगळे किती सुखात होतो!”

“ते पिंप उचला,” नाकसाहेब म्हणाले. “आणि जाताना दार लावून घ्या. तुमच्या शर्टालाही तोच वास येतोय.”